माझा उजवा कान

लॅपटॉपच्या पोटातून बोलतोय तो मी. मला साउंड कार्ड म्हणतात. नाव कार्ड, पण आहे नखाएवढा काळा तुकडा. माणसांचं बोलणं ऐकून घ्यायचं आणि मागतील तेव्हा परत ऐकवायचं, एवढंच माझं काम. पंखा घरघरला तर लगेच त्याची चौकशी होते. माझी आठवण मी गप्प झालो की येते.

ऐकण्यासाठी कारखान्यात मला दोन माइक मिळाले, पडद्याच्या वरच्या कडेला, एक डावीकडे, एक उजवीकडे. ते माझे कान. त्यातला उजवा उलटा जोडला गेला. आवाजाची लाट वर चढली की तो ती खाली उतरलेली टिपायचा. लॅपटॉपसोबत आलेल्या सिस्टीमला हे आधीच सांगून ठेवलेलं होतं. ती माझं उलटं गुपचूप सुलट करून घ्यायची. त्यामुळे माझं व्यंग मलाही कधी कळलं नाही.

मखमलाबादच्या मळ्यात मी आलो तो दुसऱ्या कुणी वापरून झाल्यावर. घर गोजराबाईंचं. दारात शेवंती आणि झेंडू. त्यांची सून मनीषा फुलांच्या ऑर्डरी लॅपटॉपवर घ्यायची. मशीन फारच रेंगाळायला लागलं तेव्हा दुकानदार शेखर म्हणाला, "ताई, लिनक्स टाकून देतो. जगभरची माणसं मिळून बनवतात, फुकट असते. मशीन पळेल बघा."

मशीन पळालं. मी मात्र मुका झालो. नव्या सिस्टीमला माझी ओळखच पटेना. माझ्या नावाच्या जागी तिने 'डमी आउटपुट' लिहिलं. जिवंत असून मी बुजगावणं ठरलो.

आणि मनीषाला तर माझी फार गरज होती. गोजराबाईंच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. आसपासच्या मळ्यांत हळद लागायची ती गोजराबाईंच्या गाण्यावर. ओळ त्यांनी म्हणायची, बायकांनी मागून धरायची. आता त्यांच्याच लेकीची, दीपमालाची हळद आली होती, पण ऑपरेशनच्या नंतरची. आईचा आवाज त्याआधी धरून ठेवायचा होता.

मनीषाने लिनक्सवाल्यांच्या संकेतस्थळावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत अडचण लिहिली. कुठल्याशा दूरच्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाने मशीनला द्यायच्या हुकुमाची एक ओळ पाठवली. ती जशीच्या तशी टाकून तिने मशीन बंद करून चालू केलं, आणि मला जाग आली.

गोजराबाई पडद्यासमोर बसल्या. शेजारच्या अंबूबाई दारातूनच म्हणाल्या, "काय गं मने, सासूला डब्यात कोंडतीस व्हय?"

"कोंडू दे की," गोजराबाई म्हणाल्या. "बाहेर राहून तरी कोण माझं ऐकतंय!"

मग त्या गायल्या. आवाज खरखरीत झाला होता, पण ओळ कुठे डगमगली नाही. मी दोन्ही कानांनी सगळं टिपून घेतलं. मनीषाने त्यांच्या कानांत इयरफोन घातले. त्या ऐकत राहिल्या आणि एकदम हसल्या. "आगं बया! ही म्हातारी कोण गाती?"

बायकांचं मागचं म्हणणं मनीषाने नंतर मोबाइलवर घेतलं. फुलांचा माल उरकला की ती इयरफोन लावून दोन्ही आवाज एकत्र जुळवत बसायची. आईंचा जरा वर, बायकांचा जरा खाली.

हळदीच्या दिवशी मंडपवाल्या वाळूने माझी वायर त्याच्या मोठ्या भोंग्याला जोडली. दीपमाला पाटावर बसली. गळ्याला पांढरा रुमाल बांधून गोजराबाई समोर बसल्या. मनीषाने बटण दाबलं.

काहीच आलं नाही. मग अचानक बायकांचा आवाज उठला. पुन्हा शांतता. पुन्हा बायका.

"आपण कुणाच्या मागं म्हणतोय गं?" अंबूबाईंनी हळूच विचारलं.

भोंग्याला तोंड एकच. माझं डावं आणि उजवं त्या वायरीत एकत्र झालं. उलटं सुलट करून घेणारी जुनी सिस्टीम आता नव्हती. एकाची लाट वर, दुसऱ्याची खाली. दोघांनी एकमेकांना पुसून टाकलं. मोबाइलवर घेतलेल्या बायका तेवढ्या उरल्या. मी जीव तोडून वाजवत होतो आणि गोजराबाई माझ्यातून नाहीशा होत होत्या.

"ताई, ह्याच्यात तर काहीच नाय," वाळू म्हणाला आणि त्याने सिनेमाचं गाणं लावलं. गोजराबाईंनी ओठ हलवून पाहिले. नुसती हवा आली. मग त्या उठून फुलांच्या शेडकडे निघून गेल्या.

जुळवताना आपल्याच हातून आईंचा आवाज पुसला गेला, असं मनीषाने धरलं. मला मिटून तिने रिकाम्या क्रेटांखाली ठेवलं. उघडून बघायची तिची छाती झाली नाही. सासू-सुनेत त्या गाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

नागपंचमीला दीपमाला माहेरी आली. "वहिनी, एकदा बघू तरी," म्हणून तिनेच मला बाहेर काढलं, इयरफोन कानांत घातले, आणि तिचा हात तोंडावर गेला. आई गात होती!

मनीषाने पुन्हा त्या दूरच्या माणसाला विचारलं. उत्तर आलं, 'एक कान उलटा आहे. तो बंद करा. आवाज कुठेही गेलेला नाही.' तिने आवाजाच्या सेटिंगमध्ये माझा उजवा कान मिटला, गाण्यातली उजवी बाजूही काढून टाकली.

गोजराबाई चुलीपाशी होत्या. मनीषाने इयरफोनचं एक बोंड त्यांच्या कानात दिलं, दुसरं आपल्या. त्या ऐकत राहिल्या. बायकांची पाळी आली तसा त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला. मग त्यांनी कानातलं बोंड काढलं आणि दीपमालाच्या कानात घातलं. मिसळणाच्या डब्यातली हळद ओल्या बोटावर घेतली आणि लेकीच्या गालाला लावली. लेक डोळे मिटून ऐकत होती.

आता माझं शरीर थकलंय. बिजागरी तुटली, बॅटरी फुगली. उद्या कोणी नवी सिस्टीम टाकायला बसेल, मला पुन्हा ओळखणार नाही, त्याचंही दुःख नाही. एवढंच मागणं आहे बाबांनो, मला नीट करायच्या भरात माझा उजवा कान उघडू नका. गोजराबाई डाव्या कानात आहेत.