कमरेपर्यंत आलेली रेघ

कण बोटाखाली कुस्करला गेला, पण विरघळला नाही — पॅन्टच्या तळच्या शिवणीत अडकलेला, मोहरीहून बारीक, काळा, आणि उजेडात धरला की एका बाजूने चमकणारा. माती अशी चमकत नाही. डांबर बोटाला चिकटतं, ग्रीस पसरतं, काजळी फुंकरीने उडते... हा कोळसा होता. बळीरामला तो ओळखायला वेळ लागला नाही. त्याचं लहानपण उमरेडला गेलं होतं, आणि खाणीवरून आलेले बापाचे कपडे आई ज्या पाण्यात बुडवायची, ते पाणी त्याने कितीदा तरी अंगणाबाहेर नेऊन ओतलं होतं.

पॅन्ट त्याच्या मुलाची होती. पियुषची, राखाडी, ऑफिसात घालायची. सकाळी घरून निघताना पियुषने ती पिशवीत घालून त्याच्या हातात दिली होती — ‘बाबा, ही पण घेऊन जा’ — आणि बळीरामने रामदासपेठेतल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आल्या आल्या, गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून, आधी तीच टेबलावर पसरली होती. सत्तावीस वर्षं तो या टेबलाशी उभा होता. धुणारे वेगळे, इस्त्री करणारे वेगळे. बळीरामकडे फक्त डाग येत. हळद, पान, शाई, रक्त — त्याच्या हातून काही सुटत नाही अशी दुकानाची ख्याती होती, आणि ती ऐकताना तो मान खाली घालून गालात हसायचा.

कोळसा तळाशी होता. वर रेघ होती. ओल वाळताना कापडावर करडी कड सोडते, ती — दोन्ही पायांवर सारख्या उंचीवर, खिशांपर्यंत, पट्ट्याच्या खाली चार बोटं. उडालेलं पाणी ठिपके टाकतं. इतकी सरळ रेघ पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कपड्यावरच उमटते.

पहिल्यांदा ती नडगीवर होती. तीन आठवडे झाले असतील. ‘गाडी धुताना भिजली,’ पियुष म्हणाला होता, आणि बळीरामने कड बाहेरून आत आणत, वाफ धरून, ब्रश जेमतेम टेकवत ती अशी काढली, की स्वतःलाच जागा सापडेना. घरी नेऊन पॅन्ट खाटेवर ठेवली. ‘पाह्य, काहीच नाही राहिलं,’ तो म्हणाला — केवढ्या तोऱ्यात म्हणाला. पियुष त्या पॅन्टकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘हो बाबा. तुमच्या हातून काही राहतच नाही.’ बळीरामला ते कौतुक वाटलं होतं. चांगले दोन दिवस वाटत होतं.

दुसऱ्यांदा गुडघ्याच्या वर. तेव्हा बळीरामने ती काढली आणि पॅन्ट घडी घालून खाटेवर ठेवली.

उमरेडच्या पलीकडे एक बंद पडलेली खाण आहे. वरून तळ्यासारखी दिसते, हिरवी, शांत. पण ट्रक ज्या रस्त्याने आत उतरायचे तो रस्ता तसाच राहिला आणि तो सरळ पाण्यात जातो. उतार सौम्य आहे. माणूस चालत गेला तर आधी पावलं, मग नडगी, मग गुडघे... लहानपणी तिकडे फिरकलं तर आई पाठ सोलून काढायची. पियुषला ती जागा बळीरामनेच दाखवली होती, सातवी-आठवीत असताना, बसने नेऊन — बघ, तुझा आजा इथं कामाला होता.

पियुषची नोकरी गेल्याचंही बळीरामला कपड्यांवरूनच कळलं होतं. दिवसभर गार हवेत बसणाऱ्याच्या कॉलरला वेगळा मळ बसतो. चार महिन्यांपूर्वी पियुषच्या शर्टांवर पाठीला मिठाचे पांढरे पट्टे यायला लागले — उन्हात बसणाऱ्याचे. तरी तो रोज नऊला डबा घेऊन निघत होता. सरिता, त्याची आई, रोज विचारायची, साहेब बरा वागतो ना, आणि तो म्हणायचा, वागते. बळीराम पानात बघून जेवायचा. सांगेल, त्याला वाटायचं, आपणहून सांगेल, जवान पोराची लाज आपण कशाला उघडी पाडायची... आणि शर्टांना इस्त्री मात्र आधीपेक्षा कडक करायचा, जणू त्या कडकपणातून पोराला काही कळणार होतं. काय कळणार होतं? मी तोंड शिवून बसलो आणि शर्टाच्या बाह्या सरळ करत राहिलो, एवढंच.

दुकानाचा रिवाजच तसा. डाग कशाचा ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही — कामाला लागला त्याच दिवशी थोरल्या मालकांनी बजावलं होतं. गिऱ्हाईक खोटं सांगतं, आणि खरं सांगितलं तर दुसऱ्यांदा येत नाही. कापड बघ आणि काम कर. बळीरामने ते इतकं अंगी बाणवलं, की घरीही तो कोणाला काही विचारेनासा झाला. लोक त्याला समजूतदार म्हणायचे. समजूतदार कसला, भित्रा.

‘काय झालं भाऊ, काहून थांबले?’ इस्त्रीच्या टेबलावरून जयवंताने विचारलं. ‘लई खराब हाय का?’

‘नाही गा. निघते.’

त्याने फोन लावला. कधी नव्हे तो, कामाच्या वेळी. पलीकडे वारा होता. मोकळ्या जागेचा.

‘हॅलो बाबा.’

‘कुठं आहेस?’

‘ऑफिसात आहो ना.’

वारा. दोघंही तो ऐकत होते. आता विचार, बळीराम स्वतःला म्हणाला, आता... आणि तोंडातून निघालं ते सत्तावीस वर्षांच्या सवयीचं.

‘हे पॅन्ट कधी पायजे तुले?’

पियुष अगदी मायेने, लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला, ‘घाई नाही बाबा. नाही झाली तरी चालते.’

फोन बंद झाला. दुकानात वरच्या दांडीवर प्लास्टिकमध्ये धूळ खात लटकलेले कोट, शालू, एक शेरवानी — सगळे ‘घाई नाही’ म्हणून गेलेल्यांचे. त्यातलं कोणी परत आलेलं बळीरामला आठवेना.

त्याने खाली पाहिलं. बोलताना एक हात थांबलेला नव्हता. डाव्या पायावरची रेघ गेली होती, स्वच्छ, हातखंडा कामासारखी.

त्याने ब्रश खाली ठेवला. डागवाल्याचं पोर ते, याच टेबलाखाली खेळून मोठं झालेलं. ओलं असतानाच चोळलं तर रेघ उमटत नाही, हे त्याला पाढ्यांआधी ठाऊक होतं. कुठल्याही नळावर पाच मिनिटांचं काम. पण त्याने पॅन्ट वाऱ्यावर तशीच वाळू दिली, रेघ उमटू दिली, पिशवीत घातली आणि बापाच्या हातात दिली. एकदा नाही, तीनदा. तो लपवत नव्हता. तो सांगत होता, ज्याला वाचता येतं त्याला, आणि मी ते दर वेळी पुसून, घडी घालून त्याच्या खाटेवर ठेवलं. वर म्हणालो, काहीच नाही राहिलं.

उजव्या पायावर रेघ अजून होती. बळीरामने तिच्यावर तळवा ठेवला.

‘कुठं गेला होता गा?’ तो म्हणाला.

जयवंताने मान वर केली. ‘कोणाले विचारून राहिले भाऊ?’

बळीरामने फोन उचलला. इतका लहानसा प्रश्न, आणि तो विचारताना जीभ झडली नव्हती, छत कोसळलं नव्हतं. फोन हातात होता, बोट नंबरावर होतं, आणि विचारता येतं हे कळल्यामुळेच त्याला आता आधीपेक्षा कितीतरी जास्त भीती वाटत होती.