सौम्य म्हणजे किती?

"मामा, सौम्य लाठीमार म्हणजे नेमकं किती जोरात?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, तू विचारणारच नाहीस. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्मजात धंदा. मामा गोठ्यात टेकतो न टेकतो तोच विचारून मोकळी झाले आणि म्हशीच्या मागं जाऊन उभी राहिले. शौर्याला आडोसा लागतो.

मामा पोलिसात. परवा कालव्याच्या फाटकापुढं आमचं अख्खं गाव पाण्यासाठी बसलं होतं. मका उभ्या उभ्या वाळलेला, जमिनीला पाऊल जाईल एवढ्या भेगा. घोषणा द्यायला मी सगळ्यांच्या पुढं आणि काठ्या उठल्यावर पळायलाही मीच पुढं. बांधावर पोचून मागं पाहिलं, तर आई जागची उठलीच नव्हती. मामाची काठी तिच्या मनगटावर बसली. पेपरात आलं, 'सौम्य लाठीमार'.

मामानं कोपऱ्यातली काठी उचलून कडब्याच्या पेंढीवर अलगद टेकवली. "एवढाच."

आई एका हातानं धार काढत होती. "एवढ्यानं माझं मनगट भोपळ्यासारखं सुजलं होय रे दादा?"

"अगं, वरून हुकूम होता. कुणी दगड उचलला असता तर? सुक्याबरोबर ओलंही जळतं."

"ओलं कुठलं आणलंस," बाबा शेण भरता भरता म्हणाले. "कालवा कोरडा म्हणून तर बसलो होतो."

मामाला हसू आलं आणि लगेच गेलं. "तू मान खाली घालून बसलेलीस. खरंच ओळखलं नाही."

"ओळखलं असतंस तर शेजारणीला मारलं असतंस?"

मामा काठी कोपऱ्यात ठेवून उठला. चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब गावात येणार होते. आई म्हणाली, "मी सांगेन, घसरून पडले. त्याची नोकरी गेली तर वहिनीनं पोरांना काय घालायचं?" बाबांनी मान डोलावली. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड म्हणजे फुटका माठ, हे घरात म्हशीलाही ठाऊक.

मला सायकल मामानंच शिकवली. तरी तोंड उघडलं, आवाज मात्र मांजराच्या पिल्लासारखा निघाला.

"तू घसरले म्हण, आई. मी सांगणार, ती बसली होती आणि मामानं मारलं. हुकूम कुणाचा होता, ते मामानं सांगावं."