साडेतीन फेऱ्यांचं कुलूप

चावीवाल्याच्या घराला जे कुलूप होतं ते त्याने स्वतःच्या हाताने घडवलेलं. चावी घालून साडेतीन फेरे द्यावे लागत. तीनवर थांबलात तर दार नुसत्या फुंकरीने उघडायचं, चौथा द्यायला गेलात तर चावी वाकायची. या कुलपापुढे एक चोर म्हणे भर दुपारी दोन तास बसला, घामाघूम झाला आणि शेवटी बेल वाजवून "कुणी बनवलंय हो हे?" असं विचारून, पाणी पिऊन निघून गेला. चावीवाला ही हकीकत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे आणि दर वेळी चोराचा एक तास वाढवी.

चोराचं ठीक होतं, तो एकदाच आला. त्या कुलपाशी रोज सकाळी झुंजायची ती चावीवाल्याची बायको.

वय त्रेचाळीस. वाचनालयाच्या काउंटरवर बसून पुस्तकांवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचं तिचं काम, म्हणून वाचक तिला शिक्केवाली म्हणत. दोन वर्षांपासून तिची बोटं सकाळी अशी असत, की झोपेत कुणी सिमेंटात घालून वाळवून ठेवली असावीत. दोन्ही हातांची, अगदी जोडीने. उजवा दुखतोय आणि डावा मोकळा आहे असं कधी व्हायचं नाही. आजार तेवढा न्यायी होता. दहा वाजेपर्यंत मूठ म्हणून वळत नसे, आणि नऊला तर घराबाहेर पडायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मग समजावून सांगितलं होतं, की शरीरातले पहारेकरीच घरच्या सांध्यांना चोर समजून बडवतायत. हे तिने घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. नवरा जेवता जेवता म्हणाला, की मग पहारेकरी बदलायला सांग. आणि आमटी वाढून घेतली.

बरं, लोकांनी तरी ऐकावं? नाव काढलं की समोरचा आपला गुडघा पुढे करी. ग्रंथपालबाईंचा गुडघा, शेजारणीचा गुडघा, शेजारणीच्या वारलेल्या सासूचा गुडघा. मग कोमट पाणी, तांब्याचं कडं, सकाळचं ऊन, कमी विचार करणं. तिच्याकडे एव्हाना पाच कडी जमली होती. त्यांतलं एकही ती मनगटात घालू शकत नव्हती, कारण मनगट सुजलेलं.

नवरा सातला दुकानात जाई. मागे ती आणि कुलूप. फार तर दीड फेरा व्हायचा, मग बोटांतून अशी कळ निघे की डोळ्यांपुढे शिक्केच शिक्के दिसत. अशा वेळी दोनच वाटा उरत. बोटं सुटेपर्यंत थांबायचं आणि उशिरा पोचायचं, नाहीतर दार तसंच लोटून निघून जायचं. आधी ती दार लोटून गेली. शेजारणीने ते पाहिलं आणि चावीवाल्याचं घर उघडं असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्या फिरून परत आली. गावभर कुलपं विकणाऱ्या माणसाची काय अवस्था झाली असेल? त्याने दुसऱ्याच दिवशी दाराला आणखी एक कडी आणि आणखी एक कुलूप बसवलं. का, तर म्हणे तू विसरतेस.

ती म्हणाली, विसरत नाही, फिरवता येत नाही. त्यावर तो म्हणाला, की जोर लावायचाच नसतो, हलक्या हाताने फिरवायचं असतं. आणि दोन बोटांनी फिरवून दाखवलं. साडेतीन फेरे, शीळ घालत.

मग ती थांबून निघू लागली, म्हणजे उशिरा पोचू लागली. ग्रंथपालबाईंनी दोनदा लेखी समज दिली आणि तोंडी सांगितलं, की तिसऱ्या वेळी काउंटर सुटणार आणि खाली तळघरात जावं लागणार. तळघरात जुन्या मासिकांचे गठ्ठे उचलायचे असतात. ज्या हातांना चावी पेलत नव्हती त्यांनी गठ्ठे उचलायचे. म्हणजे नोकरी गेलीच म्हणायची.

दवाखान्यातल्या नर्सला तिचं तोंड बघून काय वाटलं कुणास ठाऊक, तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. दर शनिवारी चार वाजता, संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर, याच आजाराची माणसं भेटतात. घरी तिने ताईकडे जाते म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, की दुखणेकऱ्यांत बसून दुखणं वाढतं.

तिथे सहा जण होते. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणत. एक दातांचे डॉक्टर, एक बसड्रायव्हर, आणि चिमणी म्हणून हाक मारायचे ती जेमतेम तेवीस वर्षांची मुलगी. उरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करायचं असा त्यांचा रिवाज. शिक्केवालीला वाटलं होतं की इथे रडारड असेल. छे. इथे भांडण चाललं होतं, आठवडा जास्त वाईट कुणाचा गेला यावर. दातांचे डॉक्टर म्हणत होते, की पेशंटने तोंड उघडलं की मला त्याचा हेवा वाटतो, माझा जबडा सकाळी तेवढाही उघडत नाही. चिमणी सांगत होती, की बसमध्ये राखीव जागेवर बसले तर सगळी बस मला संस्कार शिकवते. ड्रायव्हर म्हणाला, की माझ्या बसमध्ये तसं झालं असतं तर मी बसच थांबवली असती, पण हल्ली ब्रेक दाबायला मला तीन थांबे आधीपासून तयारी करावी लागते, म्हणून तर नोकरी सोडली.

शिक्केवालीची पाळी आली तेव्हा तिने कुलपाचं सांगितलं. सांगताना आवाज चढला, तो कुणी उतरवायला लावला नाही. एकानेही तिला कडं सुचवलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की साडेतीन म्हणजे फारच झाले हो.

इतक्यात खाली ढोलाचा सराव सुरू झाला. वाचनालयात जन्म गेलेल्या शिक्केवालीला आवाज सहन होतो थोडाच? नवखी असल्यामुळे आपणच उठलेलं बरं, असं वाटून ती उठली. दाराला एक वीट लावलेली होती. तिने ती पायाने बाजूला सारली आणि कमरेने दार ढकललं. खट्ट.

सहाच्या सहा जण तिच्याकडे बघत होते.

ती वीट तिथे चार वर्षांपासून होती. दाराला आतून-बाहेरून पितळेची गोल मूठ होती, गुळगुळीत, घट्ट स्प्रिंगची, आणि ती फिरवणारं माणूस त्या मंडळात नव्हतं. पहिला येई तो शिपायाकडून दार उघडून घेई आणि वीट लावी. नव्या माणसाला हे सांगायचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता खोलीत सात माणसं होती, चौदा हात होते, सत्तर बोटं होती. डॉक्टरांनी रुमाल गुंडाळून बघितलं. बहिणींनी दोन बाजूंनी तळवे लावून बघितलं, दोघी विरुद्ध दिशांना फिरवत होत्या हे नंतर कळलं. ड्रायव्हरने पट्टा काढून मुठीला वेटोळं घातलं आणि ओढलं, तर पँट सांभाळायला एक हात गेला. चिमणीने दाराला लाथ घातली, तिचाच घोटा दुखावला. ओरडावं तर खाली ढोल. शिपाई पाचला घरी जाई आणि सव्वापाच झाले होते. फोन करायचा तर कुणाला? डॉक्टरांची बायको सोडवायला येईल, पण पुढे वर्षभर ऐकवेल. चिमणीची आई आग विझवायचा बंब घेऊन येईल.

शिक्केवाली शेवटी म्हणाली, "माझे मिस्टर चावीवाले आहेत." आणि मग, घाईने, "पण त्यांना काही कळत नाही."

वीस मिनिटांत जिना धडधडला. बाहेरून आवाज आला, "अगं, तू ताईकडे गेली होतीस ना?"

"आधी दार उघडा."

बाहेर बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. "याला कुलूपच नाहीये."

"माहीत आहे."

"मग मूठ फिरवा नुसती. उजवीकडे. हलक्या हाताने."

आत ड्रायव्हर असा काही हसायला लागला की त्याला पुन्हा पँट धरावी लागली. दार उघडलं. दोन बोटांनी उघडलं. चावीवाला आत आला आणि सात धडधाकट दिसणारी माणसं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुकान बंद करून आलोय, कसली चेष्टा चाललीय, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, की ती मूठ आम्हां सातांपैकी कुणालाच फिरवता येत नाही. तेव्हा त्याने बॅगेतून एक कुलूप काढून टेबलावर ठेवलं. घरच्या कुलपाचा जुळा भाऊ, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला. म्हणाला, हे तरी फिरवा बघू.

ड्रायव्हरने सव्वीस वर्षं बसचं चाक फिरवलं होतं. त्याच्याकडून पाव फेरा झाला. डॉक्टर अर्ध्यावर थांबले आणि हात काखेत दाबून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बहिणींकडून दोघींत मिळून पाव फेरा झाला, बाईंनी नुसतं कुलपाकडे बघून मान हलवली. चिमणीने एक पूर्ण फेरा दिला, पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि वर ती रागाने म्हणाली, की हे रडणं नाहीये.

चावीवाला हसला नाही. तो डॉक्टरांकडे वळला, हळूच विचारलं, "हिचंही असंच?"

"मला विचारा," शिक्केवाली म्हणाली. "मी इथे उभी आहे. दोन वर्षं तुमच्यासमोर बसून जेवतेय. सहा अनोळखी माणसांनी करून दाखवलं तेव्हा तुम्हाला पटलं, आणि तरी मला नाही विचारलंत."

रविवारी तो दुकानात जाऊन बसला आणि संध्याकाळी एक नवी चावी घेऊन आला. तिला लाकडी दांडा जोडलेला, कुऱ्हाडीला शोभेल असा. धरायला मोठं पाहिजे म्हणाला. तिने फिरवून बघितली, संध्याकाळची बोटं जरा बरी असतात, जेमतेम साडेतीन फेरे झाले. झालं, म्हणाला तो, आणि शीळ घालत आंघोळीला गेला.

सोमवारी सकाळी तो दांडा तिला उचलताच येईना. मनगटच वाकलं. ती दोन मिनिटं त्या चावीकडे बघत राहिली. मग चावी जमिनीवर टाकली, दार सताड उघडं टाकलं, लोटलंसुद्धा नाही, आणि निघाली. साडेनऊला काउंटरवर हजर. पहिला शिक्का तिने दोन्ही तळव्यांत धरून मारला.

साडेदहाला चावीवाला वाचनालयात आला. 'शांतता राखा' लिहिलेल्या पाटीखाली उभा राहून त्याला कुजबुजत भांडावं लागलं, आणि त्याला कुजबुजायची सवय नव्हती.

"घर उघडं टाकलंस."

"हो. उद्याही टाकणार."

"अगं, काल फिरत होतं ना?"

"काल संध्याकाळी फिरलं," ती म्हणाली आणि एका म्हाताऱ्या वाचकाच्या पुस्तकावर शिक्का मारला. "तुम्ही गेल्यावर सकाळी माझ्या हातांचं काय होतं, ते तुम्ही कधी पाहिलंत?"

म्हाताऱ्या वाचकाने पुस्तक उचललं नाही, उत्तर ऐकायला तो थांबला होता. चावीवाला दाराकडे वळला.

मंगळवारी तो सातला गेला नाही. सहाला ती उठून आली तर जेवणाच्या टेबलावर कुलूप उघडून पडलेलं, शेजारी कानस, चिमटा, तेलाची बुधली. म्हणाला, "ये, हात आण. आत्ताचा हात पाहिजे मला. संध्याकाळचा खोटं बोलतो."

तिने फिरवलं. चावी हललीच नाही. त्याने एक पट्टी काढली, कानशीने घासली, पुन्हा फिरवायला लावलं. नाही. आणखी एक काढली. आठ वाजता ती भडकली, म्हणाली, मी काय तुमचं यंत्र आहे का, बोटं तुटायला आलीत. तो म्हणाला, की बरोबर आहे, आज पुरे. बुधवारी तेच. गुरुवारी त्याने फेरे कमी करायला घेतले, साडेतीनाचे दोन केले, आणि प्रत्येक फेऱ्याला असा चेहरा केला जणू घरातलं माणूस परगावी चाललंय. गुरुवारीच तिने त्याला दोनदा मूर्ख म्हटलं. त्याने दोन्ही वेळा कानस खाली ठेवून ऐकून घेतलं, नंतर आपणही एकदा तिला हट्टी म्हणून घेतलं.

हे तीन दिवस तो तिला वाचनालयात धाडून मग दुकान उघडी.

शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी चावी फिरली. अर्धा फेरा, तोही अंगठ्याच्या बाजूने नुसतं ढकलून. कुलपातून काढलेल्या पाच पट्ट्या आणि तीन स्प्रिंगा टेबलावर ओळीने पडल्या होत्या, आणि कुलपात उरलं होतं ते कुणीही केसाच्या पिनेने उघडावं असं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, की चालेल, पट्ट्या खिशात टाकल्या आणि नंतर बसवलेलं दुसरं कुलूपही कडीसकट काढून टाकलं.

तेव्हापासून ती काउंटरवर वेळेत असते. तळघराचा विषय निघालेला नाही. शनिवारी संगीतशाळेत जाते, आणि वीट कशासाठी असते हे नव्या माणसाला आधी सांगते. आजार आहे तिथेच आहे. गोळ्यांनी कधी उतार पडतो, कधी नाही, आणि महिन्यातून दोन-तीन सकाळी तो अर्धा फेरासुद्धा तिच्याकडून होत नाही. त्या दिवशी ती चावी न लावताच, दार उघडं ठेवून निघते. चावीवाला अशा दिवशी सातला जात नाही, ती गेल्यावर स्वतः कुलूप लावून दुकान उशिरा उघडतो आणि गिऱ्हाईक तिष्ठत उभं असेल, बायकोचं हे असं, कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून सगळ्या शेजाराला ऐकू जाईल इतकी कुरकुर करतो. पण ती कुरकुर तो, ती निघेपर्यंत, स्वतःच्या उघड्या दारात स्टूल टाकून, बसून करतो.