खुर्ची वर गेली का?

नदीकाठच्या त्या बेकरीच्या गल्लीत पुराचा भोंगा वाजला की कुणी आभाळाकडे बघत नसे, नदीकडे तर नाहीच नाही. सगळे बघत कात्रीकाकांच्या सलूनकडे. काकांची लोखंडी खुर्ची माडीवर गेली असेल, तर पूर येणार. खालीच असेल, तर भोंगा वाजतोय, वाजू दे बापडा. ती खुर्ची म्हणजे काय साधीसुधी चीज होती? चार धट्टेकट्टे गडी लावल्याशिवाय हलायची नाही आणि जिन्यात अडकली की चौघांनाही अडकवायची. एवढा उपद्व्याप शहाणा माणूस उगाच करणार नाही, हा गल्लीचा साधा हिशेब.

आता गंमत बघा. भोंगा वाजवणाऱ्या खात्यात नोकरीला कोण, तर कात्रीकाकांचीच लेक. गल्ली तिला भोंगाताई म्हणायची आणि तीही खुशाल ओ द्यायची. गेल्या वर्षी तिच्या शब्दावर काकांनी तीनदा खुर्ची वर चढवली. तिन्ही वेळा नदी जागची हलली नाही. तिसऱ्या वेळी मात्र काकांची कंबर धरली. कमरेला पट्टा बांधून त्यांनी भर सलूनमध्ये जाहीर केलं, "लांडगा आला रे आला, पुरे झालं. आता खुद्द नदी दाढी करायला आली, तरच ही खुर्ची उठेल!"

आणि आज दुपारी वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा निरोप आला.

भोंगाताईची कचेरी टेकडीवर होती. भिंतभर नकाशा, टेबलावर चार फोन, खिडकीत साहेबांचा चहा. साहेबांनी दरवर्षीचाच मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर सोडला: 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यक ती खबरदारी घ्यावी.' भोंगाही वाजला. भोंगाताईने लगेच घरी फोन लावला.

"आई, मेसेज वाचलास?"

"वाचला की. सखल भागाला आहे तो."

"अगं, आपणच सखल भाग!"

"काहीतरीच तुझं! आपल्याला चांगल्या दोन पायऱ्या आहेत. सखल म्हणजे ते लाँड्रीवाले."

तिने लाँड्रीवाल्यांना फोन केला. "आमचा ओटा उंच आहे ताई," ते म्हणाले. "सखल म्हणजे रोपवाटिका." रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या, "इश्श, आमच्या खाली तो बदकवाला आहे ना!" बदकवाला सर्वांत निवांत. "सखल म्हणजे नदीच की," तो म्हणाला. "तिला कळवलंत का?" आणि फोन ठेवताना प्रत्येकाने तेवढंच एक विचारलं, "खुर्ची वर गेली का?"

भोंगाताईने कपाळावर हात मारून घेतला. ती तडक साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, आपला मेसेज म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येकाला वाटतंय, तो खालच्या घराला आहे."

"मजकूर ठरलेला असतो, बाई."

"मजकूर ठरलेला आहे हो, नदीचं कुठे काय ठरलंय?"

साहेबांना हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता, फक्त खात्यात फार वर्षं मुरला होता. "बरं, लिही तुला हवं तसं," ते म्हणाले. "पण तुझ्या वडिलांची खुर्ची हलली नाही, तर कुणी हलणार आहे का?"

म्हणजे खुर्चीची कीर्ती टेकडीवरही पोहोचली होती! आणि साहेबांचं खोटं नव्हतं. संध्याकाळच्या आत गल्ली उठायला हवी होती आणि गल्ली उठणं एका माणसाच्या हातात होतं. तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, खुर्ची वर न्या."

"पूर येणार?"

'शक्यता नाकारता येत नाही' हे खात्याचं पेटंट उत्तर तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

"खरं सांगू? नक्की माहीत नाही, बाबा. संध्याकाळपर्यंत पाणी बेकरीची पायरी चढेल असं वाटतंय. धरण आणि आपल्या मधल्या तळ्यात बरंच मावलं, तर नाहीही चढणार."

पलीकडे कात्रीची कचकच थांबली.

"हे गेल्या वर्षी का नाही बोललीस?"

"खात्याने सांगितलं, तेच बोलले."

"कमरेचं काही नाही गं," काका म्हणाले. "पूर आला नाही, चांगलंच झालं. पण नंतर एकाने तरी म्हणावं की नाही, 'काका, अंदाज चुकला आमचा'? सगळे चिडीचूप! मी आपला माडीवर खुर्ची घेऊन बसलोय आणि अख्खी गल्ली दात काढतेय."

भोंगाताईला आत्ता कुठे कळलं. वर्षभर ती त्यांच्यासाठी मलमाच्या ट्यूबा नेत होती आणि दुखत होतं भलतीकडेच.

"या वेळी अंदाज चुकला तर सगळ्यांना कळवीन. मेसेजमध्येच तसं लिहिते."

"साहेब लिहू देतील?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडेच होते. "नाही दिलं, तर भोंग्यावरून ओरडेन," ती म्हणाली.

"हं. खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आहे. ते उठलं की बघतो."

नवा मेसेज गेला: 'बेकरीची गल्ली, लाँड्री, रोपवाटिका, बदकवाले, हे तुम्हालाच आहे. धरणाचं पाणी सोडताहेत. संध्याकाळी ते बेकरीच्या पायरीवर येईल असा अंदाज आहे. सामान माडीवर टाका आणि त्याआधीच वरच्या शाळेत या. अंदाज चुकला तर तसं कळवू.'

मग आईचा फोन आला, तो ठेवायचं नावच नाही. "खुर्ची निघाली गं! लाँड्रीवाले पुढे, तुझे बाबा नुसते हुकूम सोडताहेत... अगं बाई, जिन्यात अडकली! अर्ध्या दाढीचा तो माणूस आत आणि बाकीचे बाहेर! थांब, बदकवाल्याने खालून खांदा दिला... गेली! गेली वर!" त्यानंतर गल्ली जी उठली म्हणता! गाद्या, टीव्ही, शिलाई मशीन, कुंड्या, सगळं माडीवर गेलं आणि माणसं चढण चढून शाळेत. बदकं तेवढी रांगेत चालली, माणसांना काही ते जमलं नाही.

संध्याकाळी पाणी आलं. रस्ता ओलांडून बेकरीपर्यंत आलं, पायरीच्या तळाशी थोडं घुटमळलं आणि माघारी गेलं. मधल्या तळ्याने बाकीचं पोटात घेतलं होतं.

"सुटलो बुवा!" साहेब म्हणाले. "आता गप्प राहू. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मी शब्द दिलाय, साहेब."

तिने लिहिलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला: 'पाणी पायरी चढलं नाही. आमचा अंदाज चुकला. आता घरी जायला हरकत नाही. त्रासाबद्दल क्षमस्व.' हे पाठवलं आणि गल्ली पुन्हा हसली, तर पुढच्या खेपेला तिच्या सांगण्यावरून कुत्रंही उठणार नव्हतं. आणि नाही पाठवलं, तर बाबांशी कुठल्या तोंडाने बोलायचं? साहेबांनी मजकूर दोनदा वाचला. 'क्षमस्व' खोडून 'माफ करा' केलं आणि स्वतःच बटण दाबलं.

भोंगाताईने चहा मागवला आणि प्यायचा विसरली. शेवटी एकदाचा बाबांचा फोन आला.

"कुठे आहात, बाबा? सगळे हसताहेत का?"

"हसताहेत तर! त्या गिऱ्हाइकाची राहिलेली दाढी इथे माडीवर करतोय. मागे ही रांग लागलीये. झकास वारा आहे, दिवसा उजेडही भरपूर. खुर्ची आता इथेच राहणार."

"अहो, मग पुढच्या वेळी गल्लीने बघायचं कुणाकडे?"

"का? तुझा मेसेज नाही का? लाँड्रीवाल्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला सगळ्यांना. 'माफ करा'ला तर बदकवाल्याने टाळ्या वाजवल्या." काकांनी वस्तरा पुसला. मग खाकरून म्हणाले, "आणि हे बघ, पुढच्या वेळी मला वेगळा फोन करत बसू नकोस. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी कर."

भोंगाताईने गार झालेला चहा उचलला. "आणि तुम्ही हो?"

"मी? मेसेज आला की मी उठेन."