होडीवरची सावली

होळीला चार दिवस राहिले होते. लाडकीनं हिरा पाटलाला भर वाळूत अडवलं. पदर कमरेला खोचलेला, हातात वल्हं. तिचं कपाळ मोकळं होऊन महिनाही झाला नव्हता.

"पाटील, माज्या जागेचं काय ठरवलं?"

"तुजी जागा कुठली? जिवल्याची व्हती. जिवल्या गेला."

"जिवल्या गेला, त्याचा बाप हाय ना! मी हाय ना!"

"बाई होडीत? लाडके, शुद्धीवर हायस काय? दर्याला चालत नाय."

"दर्या तुमच्या कानात सांगून गेला काय? म्हायेरी, म्हायमाला, मी बापासंगं खाडीत होडी वल्हवलीय. माजं लगीन झालं म्हून पाणी बदललं काय?"

जाळी विणत बसलेली माणसं हसली. पाटलाचा चेहरा काळा ठिक्कर पडला. मी तिथंच होतो. हसलो नाही, बोललोही नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. ती जागा सुटली, तर माझ्याकडे यायची होती.

आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर डोलीची मासेमारी. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. समुद्रात खुंट ठोकलेले असतात, दोन खुंटांत डोल ताणायची. ओहोटीचं पाणी मासा आत रेटतं. खुंटांची जागा घराण्याची, बापाकडून लेकाला. पण जागा रिकामी राहिली की पंच ती दुसऱ्याला देतात. जिवल्याची जागा साऱ्या पाड्यात चांगली. तिच्या लगतची माझी, आणि माझ्या घरात खाणारी तोंडं सात.

जिवल्या माझा लहानपणापासूनचा सोबती. माघात त्याला कावीळ झाली. वैद्याचं झालं, वाणगावच्या डॉक्टरचं झालं, नवस झाले. पंधरा दिवसांत माणूस हळदीसारखा पिवळा होऊन गेला. मागं राहिली लाडकी, पोटी लेकरू नाही, आणि म्हातारा बाप भिका. गडी ठेवावा म्हटलं तर गडी मिळेना. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. पाड्यातली तरणी माणसं सगळी तिकडं दगड फोडायला. दुपारच्याला सुरुंग उडाले की आमच्या घरातली भांडी थरथरायची.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. भिकाबाबा काठी टेकत आला.

"मी जातो होडीत," म्हणाला. "ती वल्हं मारील, डोल ओढील. पाणी मी वाचीन. मग तर झालं?"

पाटील म्हणाला, "बाबा, गेल्या वैशाखात तू होडीत आडवा झालास. डोक्यात ऊन गेलं. वैद्य काय बोलला तुला? पुन्यांदा ऊन लागलं तर उठायचा नायस."

"मग उठणार नाय. तुजं काय जातं?"

 अखेर पाटलानं निवाडा दिला: आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, होड्या वर ओढेपर्यंत जागा रोज चालवून दाखवायची. होडीत म्हातारा पाहिजेच, एकटी बाई चालायची नाही. तेवढं जमलं तर जागा भिकाची, त्याच्यामागं सुनेची. नाहीतर देवूची. देवू म्हणजे मी.

पाटलाला ठाऊक होतं, हे जमायचं नाही. डोल लावली की पाणी फिरेपर्यंत चार-चार तास होडीत नुसतं बसायचं. वर आकाश तापलेलं, खाली पाणी आरशासारखं. धडधाकट माणसाच्या डोळ्यांपुढं काजवे येतात, तिथं हा सत्तरीचा म्हातारा.

त्या संध्याकाळी लाडकी आमच्या दारात आली. बायडी, माझी बायको, चुलीपुढून उठली नाही.

"भावजी, होडीवर सावली बांधायचीय. मामांपुरती. काय बांधू?"

"होडीवर मांडव?" बायडी आतून बोलली. "वरात काढतीस काय सासऱ्याची?"

लाडकीनं तिकडं पाहिलंच नाही. मी म्हटलं, "झाप घाल. ताडाचे झाप फुकट हायत."

हे मी चांगल्या मनानंच सांगितलं. तिनं झाप विणले, चार बांबूंवर बांधले. पहिल्याच दिवसापासून खारा वारा त्यांच्या काड्या-काड्या करू लागला. वारा आत घुसून झाप पाखरासारखे फडफडायचे, होडी एका अंगाला जायची. तिसऱ्या दिवशी निम्मे झाप पाण्यात, आणि म्हाताऱ्याच्या डोईवर उन्हाचे चट्टे. लाडकी आपल्या डोईचा पदर भिजवून त्याच्या कपाळावर धरून बसलेली मी माझ्या होडीतून बघितली.

मग ती बोईसरला चालत गेली. ट्रकवाल्यांकडून जुनी ताडपत्री मिळवली; त्यांचं सामान दिवसभर वाहून दिलं, त्याच्या बदल्यात. डोक्यावर घेऊन आली तेव्हा मान मोडलेल्या कोंबडीसारखी झाली होती. ताडपत्री दणकट, ऊन ठिपकाभर आत येईना. पण डांबराचा वास, आणि खाली अशी धग की भाकरी भाजून निघावी. भिकाबाबा दोन तासांत घामानं निथळून बाहेर आला.

"यापरीस ऊन बरं गं," म्हणाला. "उन्हात वारा तरी लागतो. सावली म्हणजे नुसता अंधार नव्हं. हिच्यातून वारा जाईल असं कायतरी पायजे."

तसं एकच कापड घरात होतं. जिवल्याचं शीड. झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून तांबडं केलेलं, वापरून वापरून मऊ झालेलं, आढ्याला गुंडाळून ठेवलेलं. म्हातारा म्हणाला, "त्याला हात लावू नको."  दुसऱ्या दिवशी म्हातारा बाहेर गेल्यावर लाडकीनं कोयत्यानं शीड उभं चिरलं. मी कुंपणापाशी होतो. शीड फाटताना कसा आवाज होतो ते होडीवाल्यालाच कळतं. चिरून झाल्यावर ती त्या ढिगावर बसली, आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या ओवला जाईना.

म्हातारा आला, बघत उभा राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, "दुहेरी घे. एकेरीतून ऊन गाळून येतं."

ते बांधायला मी गेलो. बायडीनं आदळआपट केली, तरी गेलो. काठांना भोकं पाडून चार बांबू रोवले. मी चारी कोपरे काथ्यानं आवळून आवळून पक्के केले. म्हटलं, आता वादळ आलं तरी हलायचं नाय.

भिकाबाबानं हात लावून बघितलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं शेंबड्या पोराकडं पाहावं.

"तू होडी बुडवायला बांधलीस का राखायला?"

"काय झालं बाबा?"

"वारा पावणा हाय. आला तर त्याला जायला दार ठेवावं. तू चारी दारं बंद केलीस. एक दणका आला की हे कापड आभाळ धरील आणि होडी पालथी." त्यानं स्वतः बांबू हातभर कापून खुजे केले, बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागतील-न लागतील एवढे. पुढचे दोन कोपरे पक्के ठेवले. मागच्या दोन कोपऱ्यांना सरकफास घातला, दोन्हींची मिळून एक दोरी केली आणि ती स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. "हिसका दिला की सुटलं. कापड झेंड्यासारखं उडंल, होडी राहील."

मला लाज वाटली. तीस वर्षं दर्यावर काढून मी ती गाठ चुकलो होतो. मुद्दाम चुकलो नव्हतो. पण बायडी त्या दिवशी म्हणाली, "मनातलं हाताला कळतं." 

होळी गेली, चैत्र गेला, वैशाख पेटला. रोज भरतीचं पाणी बघून ती होडी निघायची. मागं तांबड्या कापडाखाली म्हातारा, पुढं लाडकी. जवळा, मांदेली, बोंबील, जे येईल ते टोपलीत. तिच्या तळहातांची सालं निघाली, मग घट्टे पडले. पाड्यातली माणसं आधी हसायची, मग बघायची, मग बघेनाशी झाली. एकदा मी होडी जवळून नेली तर सावलीतून भिकाबाबाचा आवाज आला, "देवू, ये की, बस घडीभर! पाटलाच्या ओटीवर नसंल अशी हवा हाय!" लाडकी हसली. जिवल्या गेल्यावर ती हसलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

होड्या वर ओढायला चार दिवस उरले होते.

दुपार होती. वारा साफ पडलेला. माझी डोल लावून मी बसलो होतो. शंभर हातांवर त्यांची होडी. नैर्ऋत्येला पाणी एकदम काळं पडलं आणि ती काळी रेघ आमच्याकडं धावत सुटली. मी ओरडलो. लाडकीनंही पाहिलं.

"मामा, सोडा!"

सावली सुटली नाही.

"मामा! दोरी वढा!"

दणका आला. कापड फुगलं, होडी कलली, एका काठावरून पाणी आत आलं. लाडकी हातापायांवर रांगत मागं गेली. म्हातारा मागच्या बांबूला टेकून ताठ बसलेला होता, डोळे अर्धे उघडे, समुद्राकडं. तो कधी गेला होता ते देवाला ठाऊक. त्याला ऊन लागलं नव्हतं, दुखलंखुपलं नव्हतं, नुसता वातीसारखा संपला होता. दोरी मनगटाला तशीच. सोडवायला वेळ नव्हता. लाडकीनं तो मेलेला हातच दोन्ही हातांनी धरला आणि हिसका दिला. गाठी सुटल्या. कापड उडालं, पुढचे बांबू उपटून घेऊन गेलं. होडी सरळ झाली.

पाव तासात वारा ओसरला. मी वल्हं मारत जवळ गेलो तेव्हा तिनं म्हाताऱ्याला आडवं निजवून त्याच्या तोंडावर आपला पदर टाकला होता आणि ती डोल ओढत होती.

"लाडके, आगं, राहू दे!"

"पाणी फिरलंय, भावजी. फाटंल डोल." तिनं ओढणं थांबवलं नाही. "मामांनी बी ओढलीच असती."

किनाऱ्यावर बायांनी तोंडाला पदर लावले. सासरा मेलेला आणि ही मासा घेऊन आली! तिनं म्हाताऱ्याला उतरवलं, मग टोपली उतरवली.

अग्नी देऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. डोळे कोरडे होते.

"भावजी, तीनच दिस राहिले. माज्या होडीत बसा. वल्हं मी मारीन, डोल मी ओढीन. तुमी नुसते बसा. म्हणजे पाटलाला बोलता येणार नाय."

आत बायडीच्या हातातली थाळी वाजायची थांबली.

"सुतक हाय ना तुला," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघून घेते. तुमी बसाल काय?"

"बघतो," मी म्हटलं.

'बघतो' म्हणजे नाही, हे आमच्याकडं पोरालाही कळतं. ती मान हलवून गेली.

तिन्ही दिवस ती एकटी गेली. वर सावली नाही, डोईवर नुसता ओला पदर. एकटीनं डोल लावली, एकटीनं ओढली. जे काम एरवी तीन गडी मिळून करतात ते तिनं एकटीनं केलं, आणि मी शंभर हातांवरून बघितलं. तिसऱ्या दिवशी ती परत आली, होडीतून उतरली, पण तिला वाळूवर येता येईना. गुडघाभर पाण्यात तशीच काठाला धरून उभी राहिली.

पंच बसले. पाटील म्हणाला, "तीन दिस होडीत म्हातारा नव्हता. ठरलेलं मोडलं."  मग तो माझ्याकडं वळला. "देवू, तुजं काय म्हणणं?"

लाडकी खांबाला टेकून बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की जागा तिची आहे. तीन शब्द.

"पंच म्हणतील ते," मी म्हटलं.

जागा माझ्याकडं आली. पावसाचे दोन महिने गेले. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. तारापूरला बांधकामावर घमेली वाहायला जात होती; डोईवर चुंबळ, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. बायडी यावेळी उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. लाडकीनं तो घेतला नाही, नाकारलाही नाही. तांब्या बायडीच्याच हातात राहिला.

"सांगायचं राहिलं व्हतं, भावजी," ती म्हणाली. "उत्तरंचा खुंट ढिला झालाय. ते शेवटचे तीन दिस मी दगड बांधून बांधून धरला व्हता. डोल लावायच्या आधी ठोकून घ्या. नायतर पहिल्याच ओहोटीला जाळं जाईल तुमचं."

आणि ती गेली. वाळूतून वर चढून, बांधावरून, तारापूरच्या वाटेनं.

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून दुसऱ्या दिवशी मी होडी काढली. खुंटाला हात लावला तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. मी तो ठोकला, डोल लावली आणि पाणी फिरेपर्यंत उन्हात बसून राहिलो.

डोल गळ्यापर्यंत भरून आली.