मी सुभेदार पागनीसांची मरून टोपी

मी सुभेदार पागनीसांची मरून, म्हणजे गडद तांबड्या रंगाची, फौजी टोपी बोलतेय. ऊन चुकवायची टोपी समजून कुणी मला उचलू नये, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. मला काठ नाही, झालर नाही, सावली तर मी कुणाला देतच नाही. पण फौजेतल्या माणसाने मला पाहिलं की तो जरा सावरून उभा राहतो. गर्व म्हणा हवं तर. आहे मला तो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र मी भाकरीसारखी चपटी होते, गठ्ठ्यातल्या शंभरांपैकी एक. त्या वेळी उज्जैनचा श्रीपाद पागनीस नावाचा मराठी मुलगा आग्र्याला छत्रीधारी सैनिक होण्यासाठी तीन महिने धावत होता, चिखलात लोळत होता. पाच वेळा विमानातून उडी मारून तो धड उतरला, तेव्हा त्याच्या साहेबांनी मला त्याच्या डोक्यावर ठेवलं.

त्या दुपारी बराकीत, मला डोक्याचा आकार यावा म्हणून, त्याने मला आधी गरम पाण्यात बुडवलं, मग गार पाण्यात. पिळून डोक्यावर बसवलं, उजवी बाजू कानापर्यंत ओढली आणि वाळेपर्यंत ताठ बसून राहिला. त्याच्याबरोबरची मुलंही बोहल्यावरच्या नवरदेवांसारखी मान न हलवता बसली होती. मग दाढीच्या ब्लेडने त्याने माझी लव काढली आणि आतल्या बाजूला शाईने आपलं नाव नि नंबर लिहिला. तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर नीट बसत नाही.

लोकांना वाटतं, मी डोक्यावर मिरवत आकाशातून उतरते. तसं नसतं. उडीच्या वेळी डोक्यावर हेल्मेट असतं आणि मी घडी होऊन शर्टाच्या आत, छातीशी असते. म्हणून एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. त्रेसष्ट उड्या मारलेला हा माणूस प्रत्येक उडीला घाबरायचा. विमानाच्या दाराशी लाल दिवा लागला की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची. हिरवा लागला की पाऊल बाहेर. मग ‘एक हजार, दो हजार, तीन हजार’ अशी मोजणी, छत्री उघडल्याचा झटका, आणि मग सगळं शांत. खाली उतरल्यावर तो आधी मला घालायचा, पाणी नंतर प्यायचा. घाबरत असूनही एकदाही मागे न फिरलेल्या माणसाच्या छातीशी मी राहिले, याचा मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो.

सुभेदार होऊन ते निवृत्त झाले आणि उज्जैनला, नानाखेड्यातल्या घरी परतले. माझा आकार बिघडू नये म्हणून त्यांनी मला कपाटात एका उपड्या स्टीलच्या डब्यावर बसवलं. आता मी फक्त झेंडावंदनाला बाहेर पडायची. एकदा तिथून परतताना फ्रीगंजच्या बाजारात एका दुकानाच्या दारात चौकीदार उभा दिसला, थेट माझ्याच रंगाची टोपी घालून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुभेदारांनी स्कूटर थांबवली.

“भाईसाहब, कौन सी पलटन?”

“पलटन कैसी साहब, ठेकेदार ने दी है.”

सुभेदार स्कूटरवरून उतरले. समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले, एक त्याला दिला. घरी येऊन पत्नीला, मीनाताईंना, म्हणाले, “त्याची नोकरी आहे ती. पण आपल्या घरात न मिळवता कुणी घालायची नाही.”

या शिस्तीचा जाच सोसला तो त्यांच्या मुलीने, मधुराने. दुसरीत असताना तिने फॅन्सी ड्रेससाठी मला मागितलं. मीनाताई म्हणाल्या, “अहो, पाच मिनिटांचा तर सवाल आहे. झिजणार आहे का ती?”

“ही मागायची नसते न, मीना. मिळवायची असते.”

मधुरा शेवटी डोळे पुसत भाजीवाली होऊन गेली.

तीच मधुरा पुढे डॉक्टर झाली, फौजेत कॅप्टन झाली. पहिल्या सुट्टीत घरी येऊन म्हणाली, “बाबा, आता मी तुमची अफसर. एक सॅल्यूट तर बनतो.”

“करीन न. आपण दोघं मरून टोपीत असू तेव्हा.”

सुभेदार थट्टेत बोलले होते. पोरीने ते मनावर घेतलं आणि छत्रीधारी पलटणीची डॉक्टर होण्यासाठी नाव दिलं. पहिल्या खेपेला आग्र्याच्या प्रशिक्षणात दीड महिन्यातच तिच्या पायाचं हाड तडकलं आणि ती घरी आली. दुसरी संधी मिळाली, पण तीच शेवटची होती.

निघायच्या दिवशी मीनाताईंनी महाकालाच्या प्रसादाची पुडी तिच्या बॅगेत ठेवली, आणि पुडीखाली, टॉवेलच्या घडीत, गुपचूप मला. बापाचा आशीर्वाद बरोबर असावा, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. पण जिने अजून टोपी मिळवली नाही, तिच्या सामानात मी सापडणं म्हणजे न मिळवता मिरवल्याचा आळ आणि कदाचित घरचा रस्ता, हे त्यांना कुठून कळणार? मला कळत होतं. आग्र्यापर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी सामानाची तपासणी झाली. प्रशिक्षण देणाऱ्या मेजरसाहेबांनी टॉवेल झटकला आणि मी खाली पडले.

“ये क्या है, कैप्टन?”

मधुराचा चेहरा पांढरा पडला. आईचं नाव सांगून ती सुटू शकली असती.

“सर, मेरे पिताजी की है. मेरे सामान में मिली है, तो जिम्मेदारी मेरी. पर मैंने पहनी कभी नहीं. बचपन में भी नहीं.”

मेजरसाहेबांनी मला उलटं केलं, आतलं नाव नि नंबर वाचला. “ये मेरे पास रहेगी. अपनी मिल जाए तो साथ ले जाना. नहीं मिली, तो डाक से घर भेज दूँगा.”

पुढचे दिवस मी त्यांच्या टेबलाच्या खणात काढले. लिफाफा काढायला खण उघडला की वाटायचं, संपलं, पोरगी हरली, चालले मी टपालाने. पण दर वेळी लिफाफा दुसऱ्याच कागदांसाठी असायचा.

एका सकाळी त्यांनी मला जीपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलं आणि उड्यांच्या मैदानावर नेलं. आयुष्यभर मी उडी छातीशी बसून ऐकली होती. खालून पहिल्यांदाच पाहत होते. विमानातून ठिपके सुटू लागले. “छठी वाली आपकी डॉक्टर है,” ड्रायव्हर म्हणाला. सहावा ठिपका सुटला. मी मोजू लागले. एक हजार, दो हजार, तीन हजार. आणि छत्री उघडली.

ही तिची पाचवी उडी होती. ती लोळली, उठली, थोडी लंगडत आली. मेजरसाहेबांनी तिच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली आणि मग मला तिच्या हातात दिलं. तिने मला घडी करून शर्टाच्या आत ठेवलं. तीच धडधड होती. अगदी बापाची.

नानाखेड्याच्या घरी सुभेदार दारातच उभे होते. कपाटातला डबा रिकामा दिसला, त्याच दिवशी मीनाताईंनी चूक कबूल केली होती. ते रागावले नव्हते, पण मधुराने फोनवर मेजरसाहेबांचं बोलणं सांगितल्यापासून रोज टपालवाल्याकडे धास्तीने बघत होते आणि तो न थांबता पुढे गेला की सुटकेचा सुस्कारा सोडत होते. त्यांनी लेकीच्या डोक्याकडे पाहिलं.

“चपटी आहे अजून. मीना, पाणी गरम कर न.” मग हात पुढे केला. “आधी माझी दे. उघड्या डोक्याने सॅल्यूट होत नाही.”

त्यांनी मला घातलं, उजवी बाजू कानापर्यंत ओढली. पायांत चपला, अंगावर घरचा पायजमा. दुखरे गुडघे जुळवून ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी कॅप्टन मधुरा पागनीसला कडक सॅल्यूट केला. तिनेही उलट सॅल्यूट केला. मगच त्यांनी हात खाली घेतला.

मी आता पुन्हा कपाटात, माझ्या डब्यावर आहे. रंग विटलाय, एका जागी कसर लागलीय. माझी एकच विनंती आहे. सुभेदारांच्या माघारी आठवण म्हणून मला मधुराला देऊ नका. त्यांच्याबरोबरच जाऊ द्या. तिला माझी गरज नाही, तिची तिच्याकडे आहे.