शीग

कारखान्याच्या तपासनिसानं दळलेल्या सोयाबीनच्या पिठावर पाणी ओतलं, बाटली खळखळ हलवली आणि कागदाची पातळ पट्टी आत सोडली. पट्टीवर एकच रेघ उमटायला हवी होती. ती, तिचा दीर आणि तपासनीस, तिघंही बाटलीवर वाकून बसले. पहिली रेघ आली. थोड्या वेळानं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी सावकाश, तिच्याखाली दुसरी आली.

"भेसळ आहे," तपासनीस म्हणाला.

"शक्यच नाही. पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा दोन रेघा.

सोया दूध आणि टोफू करणाऱ्या कारखान्याला खाण्याचं सोयाबीन हवं होतं: जनुक न बदललेलं, टपोरं, न फुटलेलं, दाण्याचा डोळा पांढरा असलेलं. आजूबाजूला सगळीकडे जीएम सोयाबीन. दिराच्या वाट्याच्या शेतातही तेच, काळ्या डोळ्याचं. त्यामुळे हंगामभर तिनं घरादाराच्या नाकी नऊ आणले होते. बांधालगतचे तास वेगळे कापले, पोती झटकली, ट्रॉली धुतली. काढणीचं यंत्र दिराचं होतं. त्याच्या पोटात ती हवेचा पाइप घेऊन स्वतः शिरली होती, आणि दीर बाहेरून ओरडत होता, "वहिनी, यंत्र आहे ते, नवरी नव्हे! किती नटवाल?" आसपासचे शेतकरी तिला चाळणीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

ही शेवटची ट्रॉली. आधीच्या सगळ्या कारखान्याच्या आवारात उभ्या होत्या आणि त्या रित्या होईपर्यंत हलायचं नाही म्हणून तिचा नवरा तिथेच थांबला होता.

"हा जीएमचा दाणा आला कुठून, ते मला कळलं पाहिजे," तपासनीस म्हणाला. "काढणीच्या यंत्रातून आला असेल, तर आधीच्या गाड्यांतही असणार. त्यांचे नमुने चांगले आले होते, पण यंत्रातले दाणे कुठे गोळा होऊन बसतील, सांगता येत नाही. मग सगळाच माल परत."

"यंत्र मी तपासलंय."

"माझंच यंत्र," दीर एकदम म्हणाला. "नीट साफ झालं नसेल. माझी चूक."

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. ताटातलं सांडलं तर ताट वाकडं म्हणणारा हा माणूस. जन्मात त्यानं कधी चूक कबूल केली नव्हती, आणि आज कुणी विचारायच्या आत केली.

"यंत्र स्वच्छ होतं," ती म्हणाली आणि चाकावर पाय देऊन ट्रॉलीवर चढली.

चढल्या चढल्याच तिच्या लक्षात आलं. तिच्या सोयाबीनची कोठी काल रिकामी झाली, तेव्हा माल ट्रॉलीच्या काठापासून वीतभर खालीच राहिला होता. रात्री जेवताना ती तसं बोललीही होती, "शेवटची गाडी जरा अपुरीच जाणार." आता मात्र माल काठाच्या वर चढून मधोमध टोकदार उभा होता. चांगली शीग लागली होती. तिनं मूठभर दाणे उचलले. निम्म्या दाण्यांना काळे डोळे होते. मग बाही सारून तिनं कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि खालची मूठ वर काढली. सगळे डोळे पांढरे.

या घरात शीग लावणारा माणूस एकच होता. सासऱ्यांच्या लेखी काठोकाठ म्हणजे कमीच. साखरेचा डबा ते असा भरत, की झाकण बसत नसे. कुणाला मापानं काही द्यायचं, तर वर शीग आलीच पाहिजे. आपल्या दारातून अपुरं माप गेलं, तर लोक नाव ठेवतात. पांढरा डोळा, काळा डोळा, हे तिनं त्यांना किती वेळा सांगितलं होतं! ते दर वेळी मान डोलावत आणि म्हणत, "दाणा तो दाणा, पोरी."

तपासनिसाची गाडी दिसताच ते सदरा बदलायला आत गेले होते.

ती खाली उतरली आणि दिराला चाकाआड घेऊन गेली.

"बाबांनी टाकलं ना?"

"हळू बोला."

"तुम्ही पाहिलंत?"

"सकाळी. माझ्या कोठीतून पाट्या भरभरून टाकत होते. मी पोचेस्तोवर झालं होतं सगळं. इतके खूश होते, वहिनी. म्हणाले, सूनबाईला सांगू नकोस, तिला आपोआप दिसू दे."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"म्हटलं, चार पाट्यांनी काय होतंय."

"चार पाट्यांनी!" तिनं डोळे मिटले आणि उघडले. "आणि वर यंत्राचं नाव घेताय. यंत्र म्हणालात की आधीच्या सगळ्या गाड्या परत. ऐकलंत ना त्यांनी काय सांगितलं ते?"

दिराचा चेहरा उतरला. "मी आपला बाबांना वाचवत होतो."

"वाचवा. घर पेटवून द्या आणि वाचवा."

"मग खरं सांगता? त्यांना कोठीच्या आवारातून बाहेर काढतील, वहिनी. तुम्हीच वाचून दाखवला होतात ना कारखान्याचा तो नियम?"

दाखवला होता, आणि दोनदा. ज्याच्या हातून माल मिसळेल, त्यानं पुढचा सबंध हंगाम मालाजवळ यायचं नाही. कोठीची किल्ली नाही, आवारात पाऊल नाही. त्या वेळी तिला तो नियम फार पटला होता.

कोठीच्या सावलीत सासऱ्यांची खुर्ची होती. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ते तिथे बसत, गाड्या मोजत, चिमण्या हाकलत, कुणी मागितला नसला तरी सल्ला देत. घरात ते पाहुण्यासारखे अवघडून बसायचे.

"काही कळलं का?" तपासनिसानं विचारलं.

"कळलं," ती म्हणाली. "मी टाकलं."

"तुम्ही?" त्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. चाळणीबाईचं नाव त्याच्यापर्यंतही पोचलेलं असावं.

"गाडी अपुरी दिसत होती, म्हणून शेजारच्या कोठीतलं वरून टाकलं. भेसळ फक्त वरच्या थरात आहे. यंत्राचा काही संबंध नाही. तळातून नमुना घ्या."

"आता, तुम्हाला काय सांगायचं ताई, तुम्हीच असं—"

"नमुना घ्या ना."

त्यानं लांब पोकळ नळी ट्रॉलीच्या बुडापर्यंत खुपसली. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दाणे काढले, दळले, पाणी ओतलं. दीर नखं खात होता. तिनं पट्टीवरची नजर हलवली नाही. एक रेघ आली. दुसऱ्या रेघेची जागा कोरीच राहिली. तपासनिसानं बाटली उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"आधीच्या गाड्या घेतो," तो म्हणाला. "ही नाही. आणि पुढच्या हंगामात किल्ली तुमच्याकडे राहणार नाही."

"माहीत आहे."

"घरात दुसरं जबाबदार माणूस कोण आहे?"

तिनं दिराकडे पाहिलं. 'चार पाट्यांनी काय होतंय' म्हणणाऱ्या माणसाच्या हाती हे सगळं द्यायचं, या विचारानं तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"काय झालं?"

सासरे पायरीवर उभे होते. धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. ते तिथे कधीपासून होते, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"तुमच्या सूनबाईंनी वरून दुसरं सोयाबीन टाकलं," तपासनीस म्हणाला. "गाडी नापास झाली. थोडक्यात वाचलात, नाहीतर सगळाच माल परत आला असता."

सासऱ्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं. मग सुनेकडे. ती बाहीवरची धूळ झटकत होती, आणि ती झटकून संपत नव्हती.

"हिनं टाकलं?"

"त्या स्वतःच म्हणाल्या."

दिरानं वाकून ट्रॉलीचं चाक दाबून पाहिलं. हवा भरपूर होती.

सासरे एकेक पायरी उतरून तिच्यासमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे इकडे."

"बाबा, तुम्ही नका—"

"दे म्हणतो ना."

तिनं कमरेची किल्ली काढून दिली. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली.

"आजोबा, तुम्हाला नियम माहीत आहेत?" तपासनिसानं विचारलं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती नवी नवी घरात आली होती, तेव्हाच्या चढ्या आवाजात ते तिलाच म्हणाले, "गाडी अपुरी जात असेल तर अपुरी जाऊ द्यायची. वरून एक दाणा टाकायचा नाही. लोक नावं ठेवतील, तर ठेवू देत. समजलं?"

"समजलं, बाबा."

"पुन्हा असं होता कामा नये."

"नाही होणार."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि वरचा माल उतरवायला फावडं कुठे दिसतंय का, ते पाहू लागले.